नांगर, कंदील आणि संगणकाची खोली

पलूस तालुक्यातल्या एका गावी माध्यमिक शाळेच्या फाटकासमोरच मोटारी भरण्याचे दुकान आहे. शाळेत संगणकाची खोली आहे. दाराबाहेर चपला काढायच्या, आत फरशी, पडदे, पांढऱ्या कपड्याखाली झाकलेले संच. समोरच्या दुकानात वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची रिळे आणि भिंतीला टेकवून ठेवलेले जळके पंप. दोहोंच्या मधला रस्ता फार तर वीस फुटांचा. गेली काही वर्षे मी या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जाऊन बसतो आहे. 'माहिती तंत्रज्ञानाद्वारे व्यवसायशिक्षणाचा दर्जा उंचावणे' हे शब्द शासकीय कागदांत मी इतक्या वेळा वाचले, की त्यांचा प्रत्यक्ष अर्थ काय, हे पाहण्याची गरज वाटू लागली.

आधीच सांगतो, मी शिक्षणशास्त्राचा पदवीधर नाही. बारावीनंतर चार वर्षे मी असल्याच एका दुकानात होतो. पहिले वर्ष जळक्या मोटारीतली तार ओढून काढण्यात आणि खाचा खरवडण्यात गेले. पुढे पोटासाठी दुसरे काही केले आणि वाचनाचा नाद लागला तो लागलाच. त्यामुळे माझा कल दुकानाकडे झुकलेला असणार. वाचकांनी तेवढी वजावट धरूनच पुढचे वाचावे.

आपल्याकडे असा समज आहे, की व्यवसायशिक्षण ही जुनी मळकी गोष्ट आणि माहितीचे तंत्रज्ञान ही काल-परवा आलेली चकचकीत वस्तू. सातारा-सांगलीचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. १९१० साली औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला. त्याच संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा काचकारखाना उभा राहिला आणि त्याचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. लोखंडी नांगर मात्र सहज गेला नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, असे शेतकरी म्हणत. नांगर ओतणे एक वेळ सोपे होते, पण तो का चालतो, किती खोल जातो, फाळ झिजला तर काय करायचे, हे माणसापर्यंत पोहोचवायचे कसे? किर्लोस्करवाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली ती मुळात या गरजेतून. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे ते पत्रक होते. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे पुढे मराठीतले एक थोर मासिक केले. साहित्याच्या इतिहासात 'किर्लोस्कर'चा उल्लेख कथा, विवेकवाद, 'स्त्री' आणि 'मनोहर' यांच्या संदर्भात येतो, आणि ते रास्तच आहे. पण त्याचे मूळ नांगराच्या माहितीत आहे. हे आपण साहित्यप्रेमी मंडळी थोडे अवघडूनच सांगतो, असे मला वाटते. छापखाना हे त्या काळचे माहिती तंत्रज्ञान होते आणि ते धंद्याच्या चाकरीत होते.

याच मंडळींत एक फिरता विक्रेता होता. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर घेऊन तो गावोगाव हिंडला. पुढे साताऱ्यात लोखंडी नांगरांचा कारखाना काढण्यासाठी त्याने धनजीशा कूपर यांना उद्युक्त केले. (हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते.) हा विक्रेता म्हणजे भाऊराव पाटील. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य रयतच्या शाळांत शिकलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. वसतिगृहातला मुलगा राबूनच शिकणार, ही कल्पना सुचलेल्या माणसाने आधी शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून नांगराची माहिती दिलेली होती. या दोन गोष्टींचा संबंध चरित्रकार फारसा लावत नाहीत. मला तो महत्त्वाचा वाटतो.

पुढचा धोरणांचा इतिहास भराभर सांगून टाकतो. १९३७ची वर्धा परिषद आणि नई तालीम, कोठारी आयोगाचा कार्यानुभव, सत्तरच्या दशकाअखेरीस समाजोपयोगी उत्पादक कार्य, १९८८च्या सुमारास अकरावी-बारावीचे किमान कौशल्य अभ्यासक्रम. माझ्या पिढीच्या मुलांनी कार्यानुभवाच्या तासाला खडूच्या पेट्या आणि कागदी फुले केली. त्यातले एकही फूल कुणी विकले नाही. २००४ मध्ये शाळांसाठी केंद्राची आयसीटी योजना आली, गेल्या दशकात माध्यमिक शाळांत राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याचे विषय आले. २०२०च्या राष्ट्रीय धोरणाने सांगितले, की २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा अनुभव मिळावा आणि सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली काढावेत. मुदत उलटून गेली आहे. हेतूविषयी माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती या सगळ्यात संगणकाला दिलेल्या जागेविषयी. आराखड्यात माहिती तंत्रज्ञान हा स्वतंत्र व्यवसाय आहे. नववी-दहावीसाठी राष्ट्रीय पातळीवर तयार झालेल्या पुस्तकाचे नाव 'डोमेस्टिक डेटा एन्ट्री ऑपरेटर'. कळफलकावर बोटे कशी ठेवावी, दस्तऐवज कसा करावा, स्प्रेडशीट, सादरीकरण, असा त्याचा क्रम. पुस्तक वाईट नाही, नीटनेटके आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलाला 'तू डेटा एन्ट्री करणारा होशील' असे सांगताना एक प्रश्न कुणी विचारला नाही : कसला डेटा? कुणाचा? शेजारच्या तासाला वाहनदुरुस्ती किंवा शेती शिकणारी मुले बसलेली असतात. त्यांच्या कामातली आकडेवारी या तासात यावी, अशी योजना मला कुठल्याच शाळेत दिसली नाही. सरावासाठी भरली जाते ती वर्गातल्या मुलांच्या गुणांची काल्पनिक यादी. दुसरीकडे, इतर व्यवसायांना संगणकाचा उपयोग म्हणजे चित्रफीत दाखवणे. मुले पडद्यावर वेल्डिंग पाहतात. ठिणगी डोळ्यांत जात नाही आणि हातात काही उतरत नाही. शिकवणारे प्रशिक्षक बहुधा कंत्राटी. आपण पुढच्या वर्षी इथे असू की नाही याची खात्री नसलेल्या माणसाने गावातल्या मिस्त्रीशी ओळख तरी कशाला वाढवावी!

भाषेचाही मुद्दा आहे, आणि या अंकाच्या वाचकांना तो जवळचा वाटेल. आमच्याकडे तांत्रिक मराठी दोन आहेत. एक परिभाषा कोशांतली, जिच्यात तारेचे 'वेढे' असतात. दुसरी दुकानातली, जिच्यात 'टर्न' असतात. दुकानातल्या भाषेला अशुद्ध म्हणणे सोपे आहे. पण कानस, गुण्या, सांडशी, गिरमिट हे शब्द तिनेच जिवंत ठेवले. तासगावच्या द्राक्षबागायतदाराने इंग्रजी 'डाउनी'चे 'डावणी' करून टाकले आणि 'भुरी', 'करपा' यांच्या पंगतीला बसवले, हे मला कुठल्याही समितीच्या कामापेक्षा मोठे वाटते. आज तोच बागायतदार पानाचा फोटो काढून मोबाइलच्या गटात टाकतो, 'ही डावणी का?' असे विचारतो आणि त्याला तासाभरात उत्तर येते. माहिती तंत्रज्ञानाने व्यवसायशिक्षण सुधारल्याचे याहून चांगले उदाहरण जिल्ह्यात मला माहीत नाही. फक्त ते शाळेत घडत नाही. त्या बागायतदाराचा मुलगा शाळेत खोट्या गुणांची बेरीज करतो.

यंत्र गावात आणून ठेवले म्हणजे काम झाले, हा भ्रम आपण एकदा जवळून पाहिलेला आहे. १९९८ साली वारणानगरच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प झाला. गावोगाव संगणककेंद्रे आली. शेतकऱ्याला तिथे जगाची माहिती मिळेल, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात लोक गेले ते उसाचे वजन, तोडणीची परवानगी, खताचा हिशेब यांसाठी. पुढे एका संशोधन-प्रयोगात तेच काम साध्या मोबाइलच्या लघुसंदेशांवर करून दाखवले गेले. याला अपयश म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. लोकांनी तंत्रज्ञानाला आपल्या कामाला जुंपले, बाकीचे सोडून दिले. शाळेतल्या संगणकाला असे जुंपणारे कुणी भेटले नाही, एवढाच फरक.

नाही म्हणायला पाबळ आहे. ते पुणे जिल्ह्यात, पण त्याला वगळून हा विषय मांडता येत नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधन सोडून १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचे. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार विभाग. शिकवायला गावातलेच कारागीर. जे करायचे ते गावाला लागणारे, आणि त्याचा खर्च मुलांनीच काढायचा. खर्च काढणे हा त्यातला खरा कणा आहे असे मी मानतो, कारण तिथे गणित हवेत राहत नाही. २००२च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या 'फॅब लॅब'ची अगदी सुरुवातीची शाखाही याच पाबळला निघाली. पाबळबद्दल माझी एक शंका आहे. तिथे कलबागांसारखा माणूस होता. अनुकरण करणाऱ्या शाळा चार विभाग उचलतात, साहित्य घेतात आणि कारागिराला मात्र फाटकाबाहेरच ठेवतात.

आता पुन्हा त्या वीस फुटी रस्त्याकडे येतो.

समोरच्या दुकानातले मिस्त्री सत्तरीकडे झुकलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांच्याकडे चार जाड वह्या आहेत. जी मोटार भरली तिची नोंद : किती हॉर्सपॉवर, किती खाचा, तार किती गेजची, एका कॉइलला किती टर्न, तांबे किती किलो, गाव कोणते. चाळीस वर्षांच्या नोंदी. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांच्याही अशा वह्या होत्या. त्यांच्यामागे दुकान विकले गेले, वह्या रद्दीत गेल्या. म्हणून मी अण्णांच्या मागे लागलो आणि शाळेतल्या संगणक शिकवणाऱ्या बाईंच्याही. नववीतली सहा मुले मिळाली. शनिवारी दुपारी अण्णांची एक वही शाळेत न्यायची, स्प्रेडशीटमध्ये उतरवायची, संध्याकाळी परत द्यायची. वही रात्री बाहेर राहणार नाही, ही अण्णांची अट.

महिनाभरात एका मुलीने चूक काढली. दोन मोटारी, दोन्ही पाच हॉर्सपॉवरच्या, खाचा चोवीस-चोवीस, पण टर्न वेगळे, चांगला सात-आठांचा फरक. तिने आणखी शोधले तर अशा बऱ्याच जोड्या निघाल्या. मुले वही घेऊन रस्ता ओलांडून गेली.

"अण्णा, इथं चुकलंय तुमचं."

अण्णांनी चष्मा लावून पाहिले. "चुकलं न्हाई. हिचं स्टॅम्पिंग लांब हुतं, हिचं आखूड. लांब असलं की टर्न कमी लागत्यात."

"मग लांबी लिहिली का नाही?"

"लिवायची कशाला? दिसतीय की डोळ्यानं."

स्टेटरच्या लोखंडी पत्र्यांचा थर जितका लांब, तितके चुंबकीय क्षेत्राला क्षेत्रफळ जास्त आणि तेवढ्याच दाबाला वेढे कमी. विज्ञानाच्या पुस्तकात हे आहे, पण मुलांना ते तिथे सापडले नव्हते. ते सापडले कोऱ्या राहिलेल्या एका रकान्यात. बाईंनी त्याच दिवशी तक्त्यात लांबीचा रकाना घातला, आणि तेव्हापासून दुकानात येणारी प्रत्येक मोटार मुले पट्टी लावून मोजू लागली. जुन्या नोंदींच्या लांब्या मात्र गेल्या त्या गेल्याच. काही अण्णांना आठवतात, आणि ते आठवतात तोवरच विचारून घ्याव्या लागणार आहेत.

याच उत्साहात मुलांनी तक्ता आटोपशीर केला. गावाचा रकाना काढून टाकला. गाव म्हणजे गिऱ्हाइकाचा पत्ता, त्याचा मोटारीशी काय संबंध, असा त्यांचा हिशेब, आणि मलाही तो पटला होता. छापील कागद घेऊन आम्ही अण्णांकडे गेलो. त्यांनी कागद वरून खाली पाहिला, परत वर पाहिला.

"गावं कुठं गेली?"

मुलांनी कारण सांगितले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी लाइनीच्या शेवटच्या टोकाच्या दोन गावांची नावे घेतली. तिथे संध्याकाळी दाब पार उतरतो. पुरे टर्न घातले तर मोटार उचलतच नाही. म्हणून त्या गावची मोटार ते दोन-तीन टर्न कमी घालून, तार जरा जाड घेऊन भरतात. तीच मोटार सबस्टेशनजवळच्या गावात बसवली, तर पुऱ्या दाबाला तापून आठ दिवसांत जळेल.

"गाव काढलं तर वहीत काय ऱ्हायलं?" ते म्हणाले, आणि कागद मुलीच्या हातात परत दिला.

मुले रस्ता ओलांडून शाळेत गेली. शनिवार होता, खोलीची किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई घरी गेला होता. गावांचा रकाना त्यांनी सोमवारी घातला.