रानपिंगळ्याची चिठ्ठी : एका बनावट पुराव्याची चिकित्सा

प्राचीन मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला बनावट पाठाचा प्रश्न नवा नाही. अभंगाच्या शेवटी एखाद्या थोर संताची नाममुद्रा आढळली, एवढ्यावरून तो अभंग त्या संताचा असे आता कोणी मानीत नाही. पोथीचा कागद, अक्षराचे वळण, भाषेचे रूप, पोथी कोणाच्या घरातून आली व कोणाच्या हातातून गेली, या सर्वांची साक्ष घेतल्यावाचून निर्णय दिला जात नाही. ही शिस्त ग्रंथांपुरतीच उपयोगी आहे असा मात्र एक समज आपल्याकडे रूढ झालेला दिसतो. तो कितपत खरा आहे हे तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात एका पक्ष्याच्या नोंदींची चिकित्सा केली आहे. पक्षी आपल्याच खानदेशातला आहे, आणि एका खोट्या चिठ्ठीमुळे त्याचे जे नुकसान झाले ते ऐकिवात असलेल्या कोणत्याही प्रक्षिप्त ओवीने केलेल्या नुकसानाहून मोठे आहे.

हा पक्षी म्हणजे रानपिंगळा. गावाच्या वडापिंपळावर, पडक्या भिंतीत राहणारा ठिपकेदार पिंगळा सर्वांच्या ओळखीचा आहे. रानपिंगळा त्याच्याच आकाराचा, पण डोके व पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची, पंखांवर व शेपटीवर ठळक पट्टे, छातीवर तपकिरी रंगाचा रुंद पट्टा आणि त्याखाली पांढरे पोट. दुरून पाहणाऱ्याला दोघांत घोटाळा सहज होतो. शास्त्रीय वाङ्मयात त्याचा प्रवेश १८७३ साली झाला. आदल्या वर्षीच्या डिसेंबरात ब्लेविट याने आजच्या छत्तीसगडातील बसना–फुलझर भागात तो मिळविला आणि ॲलन ऑक्टेव्हिअन ह्यूम याने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. राष्ट्रीय सभेचा संस्थापक म्हणून आपण ज्याला ओळखतो तोच हा ह्यूम. पुढे १८७७ साली व्हॅलेंटाइन बॉल याला ओडिशातील खरियार येथे एक पक्षी मिळाला. त्यानंतर मुलकी खात्यातील अधिकारी जेम्स डेव्हिडसन याने पश्चिम खानदेशात, शहादे–तळोदे या पट्ट्यात, आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र खात्रीची एकही नोंद नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे अवघे सात नमुने होते.

येथे संग्रहालयातील नमुना म्हणजे काय हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पक्ष्याचे कातडे सोलून, आत कापूस भरून, शिवून ते खणात ठेवतात, आणि त्याच्या पायाला दोऱ्याने एक लहानशी चिठ्ठी बांधतात. तीवर स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव असते. कातडे स्वतः काहीच बोलत नाही; जे काय बोलते ते चिठ्ठी बोलते. जातीचा विस्तार, ऋतुमान, कोणत्या सालापर्यंत तो पक्षी तेथे होता, हे सारे ज्ञान या चिठ्ठ्यांच्या वाचनावर उभे आहे. चिठ्ठी हा पाठ होय आणि कातडे ही पोथी होय, असे म्हणावयास हरकत नाही. दोघांना जोडणारा दोरा तेवढा कच्चा असतो.

विसाव्या शतकात या पक्ष्याचा म्हणून एकच नमुना दाखविला जात असे. ऑक्टोबर १९१४, तापीकाठचे मांडवी, संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन, असे त्याच्या चिठ्ठीवर नमूद होते. मांडवी हे गुजरातेतील. चिठ्ठी वरवर पाहता निर्दोष होती. त्याच महिन्यात मुंबईहून भारतीय सैन्याची एक तुकडी पूर्व आफ्रिकेकडे निघाली आणि तीत माइनर्ट्झहागेन होता. तेव्हा कालदृष्ट्याही शंकेला फारशी जागा नव्हती. नकली दस्तऐवज करणारा कसबी असला तर तो काळाचे भान सांभाळतोच. आपल्याकडील बनावट सनदा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगावयास नको. शिवाय लिहिणारा कोणी ऐरागैरा नव्हता. सैन्यातील कर्नल, ग्रंथकार, मोठा संग्राहक असा त्याचा लौकिक होता. १९५४ साली सुमारे २०,००० पक्ष्यांचा संग्रह त्याने ब्रिटिश संग्रहालयाला दिला. सलीम अली स्वतः १९३७ साली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानातील पक्षिपाहणीला गेले होते. अशा माणसाच्या चिठ्ठीवर अविश्वास दाखवावयाचा कोणी? याच संग्रहालयाच्या पक्षिविभागात, नमुने विनापरवाना बाहेर नेल्यावरून, त्याला एके काळी दीड वर्ष प्रवेशबंदी झाली होती. पण ती गोष्ट नोंदींच्या वाचनात कोणी हिशेबात धरली नाही. पोथी कोणाच्या घरातून आली हा प्रश्न विचारावयाचा राहून गेला, तो येथे.

या चिठ्ठीचा परिणाम काय झाला? सर्वांत अलीकडची नोंद ती सर्वांत उपयोगाची, असा शोध घेणाऱ्यांचा साहजिक कल असतो. १८८४ च्या तुलनेत १९१४ हे तीस वर्षांनी जवळचे. मग शोधही त्याच अनुरोधाने व्हावयाचा. डिलन रिप्ले व सलीम अली यांनी १९७० नंतरच्या दशकात या पक्ष्याचा माग घेतला, पण तो निष्फळ ठरला. पक्षी नष्ट झाला असावा, अशी समजूत हळूहळू दृढ होत गेली. पाठचिकित्सेत ज्याला आपण सर्वांत ढोबळ प्रमाद मानतो, म्हणजे साक्षीची गुणवत्ता न पाहता तिचे केवळ कालमान पाहणे, तोच येथे घडला. डेव्हिडसनची चिठ्ठी जुनी होती, परंतु ती खरी होती. आणि ती शहाद्याचे नाव घेऊन शंभर वर्षे खणात पडून होती.

माइनर्ट्झहागेनविषयीच्या संशयाला शास्त्रीय लेखनात स्पष्ट वाचा फुटली ती १९९३ साली. ॲलन नॉक्स यांनी 'आयबिस' या नियतकालिकात त्याच्या काही नमुन्यांची लबाडी दाखवून दिली. रानपिंगळ्याचा छडा लावला पामेला रासमुसेन यांनी. नायजेल कॉलर यांच्यासह १९९९ साली त्याच नियतकालिकात त्यांनी लिहिलेला लेख हा माझ्या मते पाठचिकित्सेचा एक आदर्श आहे, मग तो लिहिणारे स्वतःला त्या शास्त्राचे विद्यार्थी म्हणवोत वा न म्हणवोत. त्यांनी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि कातड्याला बोलते केले. प्रत्येक संग्राहकाची सोलण्याची, भरण्याची, शिवण्याची एक ढब असते. लेखकाच्या हस्ताक्षरासारखीच ती ओळखता येते. मांडवीचा म्हणून ठेवलेला पक्षी बाहेरून नव्याने भरलेला होता. पण क्ष-किरणांनी आतील रचना पाहता व इतर नमुन्यांशी ताडून पाहता, त्यात डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा शिल्लक राहिल्याचे दिसून आले. म्हणजे डेव्हिडसनने खानदेशात मिळविलेला एक पक्षी संग्रहालयातून चोरला गेला, त्याचे जुने भरण काढून नवे भरले गेले आणि त्याला नवी चिठ्ठी बांधली गेली.

या कृत्याचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. सामान्य प्रक्षेपात खऱ्या पाठात खोट्याची भर पडते. मूळ पाठ जागच्या जागी राहतो व चिकित्सक भर काढून टाकू शकतो. येथे खोटी साक्ष उभी करण्यासाठी एक खरी साक्ष मारली गेली. दुसऱ्याचा अभंग घेऊन त्याच्या शेवटची नाममुद्रा खरवडावी व तेथे आपले नाव घालावे, असा हा प्रकार आहे. सातच नमुन्यांच्या जातीत एक नमुना असा आपल्या जागेवरून उठविणे म्हणजे तिच्या इतिहासाचा केवढा हिस्सा खोडणे, याची कल्पना कोणालाही करता येईल.

मांडवीची नोंद मनातून दूर केल्यावर उरल्या त्या एकोणिसाव्या शतकातील जुन्या जागा. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे आधी पूर्वेकडील ठिकाणी गेले. तेथे काही मिळाले नाही. मग ते शहाद्याकडे वळले, आणि २५ नोव्हेंबर रोजी भर दिवसा, उघड्या झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. त्यानंतरच्या मराठी लेखनात या घटनेचे वर्णन बहुधा ११३ वर्षांनंतरचा पुनर्जन्म म्हणून आले. 'पुनर्जन्म' हा शब्द मला आक्षेपार्ह वाटतो. पक्षी कोठेच गेला नव्हता. तो सातपुड्याच्या पायथ्याशी होता तेथेच होता. हरवली होती ती त्याची नोंद. चमत्काराच्या भाषेत ही हकीकत सांगितली, म्हणजे तिच्यातील खरे श्रेय झाकले जाते. ते श्रेय दुर्बिणीचे कमी व वाचनाचे अधिक आहे. खणातील सातही नमुने एकापुढे एक ठेवून त्यांच्या चिठ्ठ्या पुन्हा वाचण्याचे कष्ट घेतल्यामुळेच शहाद्याचे तिकीट काढण्याचे सुचले.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो क्षुल्लक नाही. २०१५ मध्ये गुजरातेतील पूर्णा अभयारण्यात रानपिंगळा असल्याचे प्रसिद्ध झाले. पूर्णा हे डांगातील; मांडवीपासून फार दूर नव्हे. तेव्हा माइनर्ट्झहागेनने लिहिले ते अखेर अशक्य नव्हते, असे कोणी म्हणेल. अशक्य नव्हतेच. परंतु संभाव्य विधान आणि साक्षीने सिद्ध झालेले विधान यांत जो भेद आहे तो येथे विसरता येत नाही. ज्ञानेश्वरांनी अमुक आशयाची ओवी लिहिणे संभवनीय होते, म्हणून ती त्यांचीच असे कोणी मानीत नाही. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणाऱ्या एकनाथांनीही ते मानले नसते. डांगातील पक्षी डांगात पाहणाऱ्यांच्या नोंदीने सिद्ध होतो, मांडवीच्या चिठ्ठीने होत नाही. उलट, संशयाचाही अतिरेक होऊ शकतो. एक नमुना खोटा ठरला म्हणून त्या माणसाचे सर्वच नमुने अग्राह्य धरावेत काय? २००५ च्या आपल्या दक्षिण आशियाई पक्ष्यांवरील ग्रंथात रासमुसेन व जॉन अँडरटन यांनी त्याच्या, अन्य आधार नसलेल्या नोंदी बाजूला ठेवल्या. हे धोरण मला योग्य वाटते. मात्र अशा नोंदी पाठभेदाप्रमाणे तळटीपेत जिवंत राहिल्या पाहिजेत, पुसल्या जाऊ नयेत.

आता शब्दाविषयी थोडेसे. मराठी माणसाच्या मनात पिंगळा म्हटला की रात्र येते. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन शकुन सांगत दारी येणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही आपण पिंगळाच म्हणतो. रानपिंगळ्याच्या नावात मात्र हा रात्रीचा संकेत चुकीचा आहे. तो बराचसा दिवाचर आहे, सकाळच्या उन्हात निष्पर्ण फांदीवर बसून सरडे व उंदीर टिपतो. सातपुड्यातील भिल्ल, पावरा व मेळघाटातील कोरकू बोलींत या दोन पिंगळ्यांना निरनिराळी नावे आहेत काय, हे बोलीभाषांच्या अभ्यासकांनी विचारून नोंदवावयास हवे. मारुती चितमपल्ली यांच्या 'पक्षिकोशा'ने पक्षिनामांच्या संग्रहाची वाट दाखविली आहे. ती पाड्यापाड्यांपर्यंत पुढे नेणे बोलींच्या अभ्यासकाचे काम आहे. ज्यांना तो रोज दिसतो त्यांची साक्ष कोणत्याही चिठ्ठीवर नाही.

अखेरीस संरक्षणाच्या कागदपत्रांकडे वळू. १९९७ नंतर मेळघाट, यावल व मध्य प्रदेशातील खंडवा येथे रानपिंगळा आढळला. २०१४ मध्ये तर मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यात तो मिळाला. २०१८ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त वर्गातून काढून संकटग्रस्त वर्गात ठेवले. प्रौढ पक्ष्यांची संख्या एक हजाराच्या आतच धरली आहे. ही बदललेली श्रेणी वाचून पक्षी वाढले असे समजणे चूक होईल. वाढल्या त्या पाहिलेल्या जागा. ज्या जंगलात त्याची नोंद नाही तेथे तो नाही असे गृहीत धरून आराखडे होतात. तानसाचे वन हे २०१४ पर्यंत त्याच गृहीतकाखाली होते. घरट्यासाठी त्याला जुन्या, ढोली असलेल्या झाडांची गरज असते, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी अतिक्रमण, वणवे व लाकूडतोड यांत प्रथम जातात ती हीच झाडे. शहाद्याच्या ज्या रानात १९९७ मध्ये तो दिसला, तेथे आज किती ढोल्या उरल्या आहेत, याची मोजणी पक्ष्यांच्या मोजणीइतकीच तातडीची आहे.