सावलीचा रंग

माझी एक जुनी विद्यार्थिनी परवा संगणकावर काढलेले चित्र दाखवावयास आली. पणती लावणारी आजी. आधी नुसत्या करड्या छटांत रंगविलेली. मग त्यावर ‘मल्टिप्लाय’ पद्धतीने रंगाचा थर दिलेला. करडी आजी जिवंत होती. रंगीत आजीचा चेहरा मात्र चिखलाने माखल्यासारखा!

आधी छायाप्रकाश, मग रंग, ही रीत जुनीच. युरोपातले तैलचित्रकारही करड्या पायावर पातळ, पारदर्शक रंग चढवीत. दोष रीतीचा नव्हे. ‘मल्टिप्लाय’ म्हणजे गुणाकार, पण अपूर्णांकांचा. (आम्हां शिक्षकांना हे कळावयास उशीर लागू नये!) त्याने रंग उजळत नाही, काळवंडतो. गालाचा तपकिरी रंग सावलीत नुसता अधिक काळा होतो. प्रत्यक्षात पणतीआड धरलेल्या बोटांच्या कडा लाल दिसतात आणि तिन्हीसांजेच्या उजेडात सावली निळसर होते. ते निळे-तांबडे चित्रकारानेच घालावयाचे.

हे ऐकून ती खट्टू झाली. “बाई, आजी गेल्यावरची ही पहिली दिवाळी. घरी सर्वांना रंगीतच हवी.”

रंगीतच काढ, मी म्हणाले. पण आज दिवेलागणीला आईला पणतीपुढे बसव आणि तिच्या गालावरची सावली आधी नीट पाहा.