कर्ज आणि खर्ज

बँकेत कर्जखात्यावर बसणाऱ्या माणसाचा आवाज भारदस्त असावा. हप्ता थकवलेल्याला नुसत्या ‘हॅलो’नं घाम फुटावा. माझ्या ‘हॅलो’वर पलीकडून विचारणा होते, “मॅडम, कर्जाचे साहेब आहेत का?” मीच साहेब म्हटलं की मंडळी हसतात आणि हप्ता आणखी एक महिना लांबवतात. चव्वेचाळिसाव्या वर्षी हे सोसवेना. म्हणून कर्ज देणारा मी, खर्ज भरायला बसलो.

आमचे मास्तर म्हणाले, “पहाटे उठा, मंद्र सप्तकातला एकेक स्वर दमसासानं लांबवा. पाया भरला की मजले चढतात.” पहाटे ५ वाजता मोबाईलवर तंबोरा लावला आणि काय सांगू, थेट मंद्र पंचमापर्यंत उतरलो! माझाच मला धाक वाटला. तेवढ्यात आतून सौ. ओरडली, “अहो, नळ घुरघुरतोय! पाणी जायच्या आत बादली लावा.” बादली लावली, पण खुशीत. १० वाजता पहिला फोन आला. “मॅडम...”

घशाच्या डॉक्टरांनी उलगडा केला. झोपून उठल्यावर स्वरतंतू किंचित सुजलेले असतात. जाड तार खाली बोलते तसा आवाज खाली जातो. पुढे सूज उतरते आणि आवाज मूळ पदावर येतो. म्हणजे माझी पहाटेची श्रीमंती ही ओपनिंग बॅलन्समधली चूक होती! तंतूंची लांबी-जाडी रियाजानं वाढत नाही. आहेत तेच खालचे स्वर स्वच्छ आणि ठाम होतात. आम्हा बी.कॉम. लोकांच्या भाषेत सांगायचं तर मुद्दल वाढत नाही, बुडीत खाती तेवढी वसूल होतात. तीही दमदाटीनं नव्हे; खाली जोर केला की स्वर वर सरकतो.

त्या संध्याकाळी उस्ताद अमीर खाँसाहेबांचा (१९१२–१९७४) मारवा लावला. इतकी वर्षं मी तो ‘काय घुमारा आहे!’ म्हणून ऐकत होतो. आम्ही नाट्यपदांवर वाढलेले. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला नटाला चढ्या पट्टीत गावंच लागे; टाळी वरच्या स्वराला द्यायची ही सवय आमच्या हातांना तेव्हापासूनची. खाली उतरणारा गवई आम्हाला एकतर थकलेला वाटतो, नाहीतर घुमणारा.

पण खाँसाहेब घुमत नाहीत. मारव्यात पंचम वर्ज्य, आणि घरचा षड्ज ताटकळत ठेवायचा. कोमल रिषभावरून मंद्र धैवतावर उतरायचं, पुन्हा वर यायचं, पण घरात शिरायचं नाही. झूमऱ्याच्या चौदा मात्रा अशा संथ, की आमच्यासारख्याला मध्येच घड्याळ बघावंसं वाटतं. मात्र मंद्रात जाताना हा गवई आवाज मोठा करत नाही. स्वर ठेवतो आणि थांबतो. पुढे सरकून ऐकावं लागतं ते आपल्याला. मग षड्ज आला की दिवसभराचा हिशेब जुळल्यासारखं वाटतं. मी ज्याला आवाजाचं वजन समजत होतो, ते थांबण्याचं वजन होतं.

गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांची गोष्ट माझ्या उलट. घशावरच्या उपचारानंतर त्यांचा आवाज पुरुषी वाटावा इतका जाड झाला. त्यांनी तो लपवला नाही. त्यातच किराणा गायकी गायल्या. आणि मी, फोनवर ‘मॅडम’ म्हटलं म्हणून डॉक्टरांची फी भरून आलो!

आता रोज २० मिनिटं खर्ज भरतो, जोर न करता. पंचमाच्या खाली गेलेलो नाही. पण परवा एका थकबाकीदाराला व्याजाचा हिशेब सावकाश, थांबत थांबत समजावला. तो शेवटपर्यंत हसला नाही. सोमवारी हप्ता भरतो म्हणाला. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला,

“फार शांतपणे सांगितलंत हो, मॅडम!”