आठ अब्ज बिट्सची थट्टा

प्रसिद्धिपत्रकाच्या पहिल्या ओळीत गाव आणि तारीख असते. ती कोणी वाचत नाही. गुगलने जीमेलची घोषणा केली त्या पत्रकाची मात्र ती ओळच आधी वाचावी. माउंटन व्ह्यू, कॅलिफोर्निया, १ एप्रिल २००४, आणि त्यापुढे ‘यूटीसी’. पत्रक बाहेर पडलं तेव्हा कॅलिफोर्नियात ३१ मार्च अजून संपायचा होता. तारीख तर एक एप्रिलचीच हवी होती, आणि खोटीही लिहायची नव्हती. मग त्यांनी ग्रीनिचचं घड्याळ लावलं. थट्टा करायची, पण कागदोपत्री चोख. पुढच्या सगळ्या मजकुराचा सूर इथेच लागतो.

या कंपनीला एप्रिल फूलची खोड आधीपासून होती. २००० साली तिने मनातलं ओळखून शोध घेणारं ‘मेंटलप्लेक्स’ काढलं, २००२ साली वेबपानांची क्रमवारी कबुतरं लावतात असा सचित्र खुलासा केला. २००४ च्या त्याच एक एप्रिलला चंद्रावरच्या कचेरीसाठी माणसं हवीत अशी जाहिरातही दिली. चंद्रावरच्या नोकरीशेजारी फुकट एक जीबीची टपालपेटी ठेवल्यावर शहाण्या माणसाने काय समजायचं? त्या काळी हॉटमेल दोन एमबी देत होतं, याहू चार. आपल्याकडे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसलेला माणूस पहिली दहा मिनिटं पत्रं वाचण्यात नव्हे, पुसण्यात घालवायचा. अमेरिकेतल्या भाच्याने बारशाचे चार फोटो पाठवले की पेटी भरायची आणि पुढचं टपाल उलट्या पावली परत जायचं. त्याला हजार एमबीचा आकडा सांगणं म्हणजे शुद्ध थाप वाटणार, आणि तशी ती अनेकांना वाटलीही.

आता मथळ्याखालची उपओळ बघा. इंटरनेटवर लोक सर्वांत जास्त करतात ते इमेल, शोध दुसऱ्या क्रमांकावर, असं ती सांगते आणि लगेच संस्थापकांची प्रतिक्रिया जोडते. प्रतिक्रिया काय, तर ‘हो तर!’ असल्या उपओळीत साधारणपणे ‘महत्त्वपूर्ण टप्पा’, ‘कटिबद्ध’ अशी भरजरी शब्दांची रांग असते. इथे दोन अब्जाधीश होऊ घातलेले तरुण नुसती मान डोलावतात. ही ओळ काहीच सांगत नाही, तरी तीच लक्षात राहते.

मग येते ती तक्रारखोर बाई. संस्थापकांपैकी एक, लॅरी पेज सांगतात की एका वापरकर्तीचं पत्र आलं. तिचा सगळा वेळ म्हणे पत्रं लावून ठेवण्यात नाहीतर शोधण्यात जातो, आणि त्यातून उसंत मिळालीच तर चार एमबीच्या त्या ठरलेल्या मर्यादेत राहण्यासाठी भराभर पत्रं पुसत बसावं लागतं. शेवटी ती विचारते, तुम्हा लोकांना हे दुरुस्त करता येत नाही का? बाई खरी असो वा रचलेली, तिचा आवाज खरा आहे. पाणी न आल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरीचं दार वाजवणाऱ्या काकूंचा हा आवाज. शिवाय या तक्रारीत एक चिमटा लपलेला आहे. पत्रकात प्रतिस्पर्ध्याचं नाव नाही, पण चार एमबी कोण देत होतं हे तेव्हा शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. नाव न घेता बोट दाखवायचं, तेही दुसऱ्याच्या तोंडून. हा प्रकार आपल्या सभांच्या व्यासपीठांवर बसलेल्यांना वेगळा समजावून सांगायला नको.

यापुढचा परिच्छेद रंजक आहे आणि तिथेच पत्रक थोडं घसरतं. गुगलचे अभियंते आठवड्यातला एक दिवस आपल्या आवडीच्या कामाला देतात; अशाच एका अभियंत्याने ही कल्पना उचलली, आणि लाखो एमअँडएमच्या गोळ्या फस्त झाल्यावर जीमेल जन्माला आलं, असं ते म्हणतं. गोळ्यांचं वाक्य झकास आहे. अडीच वर्षांची रखडपट्टी, वाद, पुन्हा पुन्हा लिहिलेला कोड, हे सगळं एका खाऊच्या डब्यात बंद. पण तो अभियंता, पॉल बुखाइट, त्याने पुढे स्पष्ट सांगितलं की हे काम फावल्या दिवसाचं नव्हतंच. इमेलचं काहीतरी कर असं त्याला रीतसर सांगण्यात आलं होतं. २००१ मध्ये त्याने सुरुवात केली. पहिला नमुना एका दिवसात उभा राहिला आणि त्यात फक्त त्याचीच पत्रं शोधता येत होती. सहकारी म्हणाले, छान आहे, पण आमची पत्रं शोधता आली तर जास्त उपयोग. मला विचाराल तर पत्रकातल्या बाईपेक्षा ही गोष्ट सरस. पत्रकात बुखाइटचं नाव नाही. तिथे तो ‘एक अभियंता’ आहे.

रसिकाने खरं थांबावं ते आकड्यापाशी. पेटीची जागा किती? पत्रक ‘एक गिगाबाइट’ असं थेट सुरुवात करत नाही. ते म्हणतं, आठ अब्ज बिट्स. टपालपेटी बिट्समध्ये कोणी मोजत नाही. कापडाचा तागा मिलिमीटरात सांगावा तसं हे झालं. हिशेब मात्र बिनचूक आहे: एक अब्ज बाइट, प्रत्येकी आठ बिट. त्याला जोडून पाच लाख पानांचं टपाल मावेल असाही दाखला. आकडा असा फुगवून झाला की पुढे तेच पत्रक बेताचं बोलतं, इतर फुकट सेवांच्या ‘शंभर पटींहून अधिक’. आता स्वतः गुणाकार करून बघा. याहूच्या चार एमबीच्या अडीचशे पट होतात आणि हॉटमेलच्या दोन एमबीच्या पाचशे पट. जिथे फुशारकी मारायला पुराव्यासह जागा होती तिथे आवाज खाली, आणि जिथे साधं सांगून भागलं असतं तिथे अब्जांची आतषबाजी. वाचणाऱ्याला खरं काय आणि थट्टा काय याचा ठाव लागू नये, यासाठीची ही उलटापालट मुद्दाम केलेली आहे. जाहिरात लिहिणाऱ्या सगळ्यांनाच अतिशयोक्ती जमते. खरी गोष्ट अतिशयोक्तीसारखी ऐकू येईल अशी लिहिणं अवघड, आणि ते इथे साधलं आहे.

या सगळ्या खेळकर प्रकरणात एकच भाग हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, तो जाहिरातींचा. उसळणाऱ्या खिडक्या नाहीत, रंगीत पट्ट्या नाहीत. पत्राशेजारी मजकुराशी जुळणाऱ्या छोट्या ओळींच्या जाहिराती दिसणार होत्या.   जुळणाऱ्या जाहिराती दाखवायच्या तर यंत्राने पत्र वाचायला हवं, आणि हे वाक्य पत्रकात कोणाच्याच तोंडी दिलेलं नाही. लवकरच ३१ संस्थांनी मिळून ही सेवा थांबवा असं पत्र लिहिलं. कॅलिफोर्नियाच्या सिनेटमध्ये लिझ फिगरोआ यांनी याविरुद्ध विधेयक मांडलं. वैयक्तिक जाहिरातींसाठी पत्रांचा मजकूर चाळणं बंद करतो, हे गुगलने जाहीर केलं ते जून २०१७ मध्ये. म्हणजे या जाहिरातींवर तेरा वर्षं चर्चा झाली. शैलीचं कौतुक करताना मला हे विसरता येत नाही. 

दुसरे संस्थापक सर्गेई ब्रिन यांचं वाक्य पत्रकातलं सर्वांत गोड आहे. वापरणाऱ्याला इमेलचा त्रास म्हणजे तो आमचाही त्रास, असं म्हणून ते सांगतात की काम अंदाजापेक्षा जरा गुंतागुंतीचं निघालं खरं, पण जिने मागणी केली तिला ही सेवा देताना आनंद होतोय. अख्खी टपालव्यवस्था जणू एका बाईच्या हट्टाखातर उभारली. प्रत्यक्षात आमंत्रणाशिवाय खातं मिळत नव्हतं, आणि ती आमंत्रणं ईबेवर विकली जात होती. सगळ्यांना दार उघडलं ते २००७ च्या फेब्रुवारीत. नावाखालची ‘बीटा’ची पाटी तर २००९ च्या जुलैपर्यंत लटकत होती. पाच वर्षं उमेदवारी करणारा असा नोकर सरकारी खात्यातही सापडायचा नाही.

या पत्रकाची नक्कल पुढे अनेक कंपन्यांनी केली. मिश्किल मथळे, उगाच सलगी, दर एक एप्रिलला एक खोटी सेवा. बहुतेकांनी थट्टा उचलली आणि थट्टेखालची वस्तू विसरली.

खुद्द गुगललाही हा सूर टिकवता आला नाही. १३ मार्च २०१३ चं त्यांचं निवेदन यासोबत वाचावं. वसंतातली दुसरी साफसफाई अशा अर्थाचा त्याचा मथळा होता आणि खाली बंद होणाऱ्या गोष्टींची वर्णानुक्रमे यादी. त्या यादीच्या मध्यावर कुठेतरी गुगल रीडर. सेवेचे चाहते निष्ठावान आहेत, वापर मात्र घटत गेला, म्हणून १ जुलैला ती निवृत्त होईल. मामला मोजक्या वाक्यांत आटोपला. रोज सकाळी चहाबरोबर रीडर उघडून दहा ठिकाणचं लेखन एकाच पानावर वाचणारे चिडले आणि लाखाहून अधिक सह्यांचा अर्ज गेला. नऊ वर्षांपूर्वी एका बाईची कुरकुर या कंपनीला मथळ्यात घ्यावीशी वाटली होती. या लाखभर सह्यांनी तारीख बदलली नाही, १ जुलैनंतर रीडर बंद झालं.