मथळ्यातला बॉयलर

ठाण्याच्या वागळे इस्टेट भागातील एका शाळेत विज्ञान शिक्षकांबरोबर दोन दिवस काम करण्याची संधी मध्यंतरी आम्हाला मिळाली. विषय होता 'रासायनिक अभिक्रिया आणि उष्णता'. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. आता तिथे कारखान्यांच्या पत्र्याच्या छपरांच्या जागी संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. पण शाळेत येणाऱ्या मुलांचे वडील-काका अजूनही कारखान्यांतच काम करतात. फक्त ते कारखाने आता डोंबिवलीला, अंबरनाथला किंवा तळोज्याला आहेत.

सुरुवात म्हणून आम्ही एक साधा प्रश्न विचारला. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी स्फोट झाला, पुन्हा २३ मे २०२४ रोजी झाला. हे स्फोट कशाचे होते? जवळजवळ सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिले, 'बॉयलरचा!' एक बाई तेवढ्या म्हणाल्या, 'केमिकलचा असेल ना?' आणि आपले चुकले की काय अशा नजरेने त्यांनी आजूबाजूला पाहिले.

बाईंचे चुकले नव्हते. चूक बाकीच्यांची होती, पण तिचा उगम वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर होता. दोन्ही वेळा पहिल्या काही तासांत वाहिन्यांच्या पट्ट्यांवर आणि बातम्यांच्या मथळ्यांत 'बॉयलर' हाच शब्द होता. आमचेही पाय मातीचेच आहेत. २०१६ च्या त्या आठवड्यात एका व्याख्यानात आम्ही स्वतः, पदवीधर श्रोत्यांसमोर, 'बॉयलरचा स्फोट' असे बिनदिक्कत म्हणून गेलो होतो. कोणी टोकले नाही. सगळ्यांनी तेच वाचले होते.

शब्दाने एवढा काय फरक पडतो, असे कोणी विचारील. फरक पडतो, आणि तो विज्ञानाच्या शिक्षकाला तरी समजावून सांगता आला पाहिजे.

बॉयलरमध्ये पाणी तापवून वाफ करतात. वातावरणाच्या दाबाला पाण्याची वाफ झाली, की तिचे आकारमान सुमारे सोळाशे ते सतराशे पट होते. ही वाफ बंद भांड्यात कोंडली की दाब वाढतो. दाब हाताबाहेर गेला, सुरक्षा झडप अडकली किंवा भांड्याचा पत्रा झिजला तर भांडे फुटते. हा भौतिकीतला अपघात आहे. उष्णता बाहेरून, भट्टीतून येते. भट्टी विझवली की ती येणे थांबते.

रिअ‍ॅक्टर म्हणजे ज्या भांड्यात रसायनांची एकमेकांशी अभिक्रिया घडवून आणतात ते. तिथे उष्णता आतच जन्माला येते. अभिक्रिया उष्मादायी असेल तर ती जसजशी पुढे जाते तसतसे मिश्रण तापते; मिश्रण तापले की अभिक्रियेचा वेग वाढतो; वेग वाढला की आणखी उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढले की अनेक अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हे आपण अकरावी-बारावीला शिकवतोच. याउलट थंड करणाऱ्या पाण्याने उष्णता काढून घेण्याचा वेग तापमानातील फरकाच्या फक्त प्रमाणात वाढतो. एक दुपटी-चौपटीने धावते आहे, दुसरे पावला-पावलाने. कुठल्या तरी तापमानाला पहिले दुसऱ्याला मागे टाकते. त्यानंतर बंद करायला भट्टीच नसते.

इथे एक गोष्ट मुलांना फळ्यावर करून दाखवण्यासारखी आहे, म्हणून जरा थांबतो. दहा सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्यात एक लिटर द्रव मावतो आणि त्याचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर घन सेंटिमीटरमागे ०.६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग. आता एक मीटर बाजूचा घन घ्या. त्यात हजार लिटर मावतात आणि पृष्ठफळ ६०,००० चौरस सेंटिमीटर. दर घन सेंटिमीटरमागे फक्त ०.०६. उष्णता निर्माण होते आकारमानात, बाहेर पडते पृष्ठभागातून. म्हणून जी अभिक्रिया प्रयोगशाळेच्या चंचुपात्रात निमूट चालते, तीच हजार लिटरच्या भांड्यात उग्र रूप धारण करू शकते. चंचुपात्रात आपण यशस्वी झालो म्हणून कारखान्यातही होऊ, हा समज किती जणांच्या जिवावर बेतला आहे याला गणती नाही.

आता पुन्हा डोंबिवलीकडे वळू. २०१६ चा स्फोट प्रोबेस एंटरप्रायझेस या कारखान्यात झाला. बारा माणसे मेली, शेकडो जखमी झाली, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल लोकांसमोर यायला दोन वर्षांच्या आसपास लागली, तेही माहितीच्या अधिकाराखाली मागणी झाल्यावर. तेव्हा ज्या बातम्या आल्या त्यांनुसार प्रोपार्जिल क्लोराइड या अत्यंत ज्वलनशील, धक्क्यानेही भडकू शकणाऱ्या रसायनाच्या जवळपास वेल्डिंगचे काम चालू होते. बॉयलरचा त्यात संबंध नव्हता.

२०२४ चा स्फोट अमुदान केमिकल्समध्ये झाला. मृतांची संख्या दहाच्या वर गेली. कारखान्यात खाद्यरंग बनत आणि त्यासाठी पेरॉक्साइडसह अतिशय क्रियाशील रसायने वापरली जात, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवसापासून 'रिअ‍ॅक्टर' हा शब्द बातम्यांत दिसू लागला, पण मजकुरात. मोठ्या टाइपातला 'बॉयलर' आधीच घराघरांत पोहोचून बसला होता.

पहिल्या दिवशीच्या बातमीदाराला आम्ही दोष देत नाही. धुराचे लोट उठले आहेत, अग्निशमन दलाचा कोणी घाईत काही बोलला, कार्यालयातून दर पाच मिनिटांनी फोन येतो आहे. अशा वेळी जो शब्द हाती येईल तो तो लिहिणारच. कारखान्यात काहीही फुटले की आपल्याकडे ते बॉयलरच असते, जसा पोटातला प्रत्येक गोळा गॅसचा असतो. तक्रार वेगळी आहे. हा शब्द चुकला असे कळल्यावर त्याच आकाराच्या टाइपात, त्याच पानावर कोणी तसे छापले का? २०१६ साली आम्ही एका दैनिकाला या फरकाबद्दल पत्र लिहिले होते. ते छापून आले नाही. पत्र लांबले होते हेही खरे.

चुकीच्या शब्दाची किंमत केवळ भाषिक नसते. महाराष्ट्रात बॉयलरची तपासणी बाष्पके संचालनालय करते. कारखान्यातील रासायनिक प्रक्रियेची सुरक्षितता पाहणे हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे काम. मथळा 'बॉयलर' म्हणाला की वाचकाचा संताप एका दाराशी जातो आणि उत्तर असते दुसऱ्या दारामागे. पुढे काही महिन्यांनी खरे कारण बाहेर आले, तरी विचारायला कोणी उरलेले नसते.

कारण तोवर मथळे पुढे गेलेले असतात. ज्या दिवशी प्रोबेसचा स्फोट झाला त्या २६ मे २०१६ ला केंद्र सरकारला दोन वर्षे पूर्ण होत होती. पाने त्या जाहिरातींनी आणि मूल्यमापनांनी भरली होती. मे २०२४ मध्ये लोकसभेची निवडणूक चालू होती, पुण्यातील पोर्शे मोटारीचा अपघात १९ मे रोजी झाला होता, क्रिकेटचे अंतिम सामने होते. यांतले काहीच बिनमहत्त्वाचे नव्हते असे म्हणता येईल (क्रिकेटबद्दल आम्ही मौन पाळतो). पण स्फोट ही दोन दिवसांची बातमी आणि स्फोटाचे कारण ही बातमीच नव्हे, असा जो क्रम लागतो त्याला काय म्हणावे?

डोंबिवलीकरांना या क्रमाचा अनुभव जुना आहे. जानेवारी २०१४ मध्ये तिथे 'हिरवा पाऊस' पडला, फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता 'गुलाबी' झाला. दोन्ही वेळा छायाचित्रे देशभर गेली. रंग दिसतो, म्हणून रंगाचा मथळा होतो. जो वायू रंगहीन आहे, ज्या भांड्याचा तापमापक बंद पडला आहे, त्यांचे छायाचित्र निघत नाही.

'मग विश्वास ठेवायचा तरी कोणावर?' असे एका सरांनी जरा वैतागूनच विचारले. मोठे नाव, मोठा खप, जुने वृत्तपत्र, ही आपली नेहमीची कसोटी. ती पुरत नाही, याचे सर्वांत कडू उदाहरण भोपाळचे आहे. राजकुमार केसवानी हे तिथले पत्रकार. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जिन वायूने एक कामगार दगावला, तेव्हापासून त्यांनी या कारखान्याचा पाठपुरावा सुरू केला. कागदपत्रे मिळवली, कामगारांशी बोलले, आणि १९८२ साली 'रपट' या आपल्या छोट्या साप्ताहिकात शहर धोक्यात असल्याचे एकामागून एक लेख लिहून सांगितले. १९८४ च्या जूनमध्ये 'जनसत्ता'तही त्यांनी तेच मांडले. २ डिसेंबरच्या रात्री काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

यावरून छोटी पत्रे खरी आणि मोठी खोटी असा निष्कर्ष कोणी काढू नये. छोट्या पत्रांतून अफवाही भरपूर पसरतात, आणि मोबाइलवरचे निनावी संदेश तर त्याहून. केसवानींच्या लेखांचे वजन साप्ताहिकाच्या आकारात नव्हते, कागदपत्रांत होते. बातमी कशावर उभी आहे ते त्यांनी दाखवले. आणि ते त्याच विषयाकडे पुन्हा पुन्हा परत आले. हे परत येणे आम्हाला फार मोलाचे वाटते. एखादे वृत्तपत्र पहिल्या दिवशी चुकले यावरून आम्ही त्याची परीक्षा करणार नाही. सहा महिन्यांनी ते त्या कारखान्याच्या दाराशी पुन्हा गेले का, चौकशीचा अहवाल त्याने मागितला का, आपला जुना शब्द दुरुस्त केला का, यावरून करू.

परत यायला मात्र अहवाल हाती लागावा लागतो, आणि इथे वृत्तपत्रांची बाजूही मांडली पाहिजे. अमेरिकेत फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे १९ डिसेंबर २००७ रोजी टी-टू लॅबोरेटरीज या कारखान्यात रिअ‍ॅक्टर फुटला, चार माणसे गेली. तिथल्या रासायनिक सुरक्षा मंडळाने चौकशी करून २००९ साली अहवाल सर्वांसाठी खुला केला. थंड करणारी यंत्रणा निकामी झाली, तिला पर्यायी व्यवस्था नव्हती, आणि अभिक्रिया अशी बेफाम होऊ शकते याची मालकांनाच पुरती कल्पना नव्हती, असे त्यात म्हटले आहे. मंडळाने एक शिफारस अभ्यासक्रमाविषयी केली: रासायनिक अभियांत्रिकीच्या पदवी शिक्षणात अशा अभिक्रियांचे धोके शिकवा. कारखान्यातल्या स्फोटाची चौकशी वर्गापर्यंत आली. आपल्याकडे भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात कलम ४१-ब घातले गेले. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्याने कामगारांना आणि आसपासच्या लोकांनाही धोक्याची माहिती दिली पाहिजे, असे ते सांगत होते. शिक्षकांपैकी एकानेही हे कलम ऐकले नव्हते. कायद्यातला हा बदल पहिल्या पानावर कधी ठळकपणे आला असेल असे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठरलेला धडा बाजूला ठेवला. शाळेच्या वाचनालयातून जुनी वर्तमानपत्रे काढली. २०१६ ची रद्दीत गेली होती, २०२४ ची काही मिळाली. शिक्षकांनी तीन-तीनच्या गटांत बसून रकाने आखले: तारीख, मथळा, पान, बातमी कोणाच्या सांगण्यावरून, आणि पुढे काय कळले. २४ मेच्या अंकांत 'कोणाच्या सांगण्यावरून' हा रकाना भरताना सगळे अडखळले. 'सूत्रांनी सांगितले' हे उत्तर धरायचे की नाही, यावर बराच वाद झाला. शेवटी ते पेन्सिलने लिहायचे असे ठरले. जूनच्या अंकांपर्यंत येताना विषयाचे पान पहिल्यावरून पाचव्या-सातव्यावर गेलेले दिसले आणि पुढे तो दिसेनासा झाला.

त्यानंतर ज्या बाईंनी 'केमिकलचा' म्हटले होते त्यांनी घनाचे गणित फळ्यावर घेतले. दहावीच्या मुलांना बोलावले होते. एका मुलाने हात वर करून विचारले, 'माझे बाबा ज्या कंपनीत आहेत तिथला रिअ‍ॅक्टर पाच हजार लिटरचा आहे. मग त्याचा पृष्ठभाग किती?' बाईंनी त्यालाच खडू दिला. घनमूळ काढताना तो अडला, तेव्हा १.७ मीटर बाजू धरून गणित पुढे नेले. उत्तर दर घन सेंटिमीटरमागे सुमारे ०.०३५ आले. तो थोडा वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला आणि मग त्याने विचारले, की त्या भांड्याला थंड पाणी किती पंपांनी जाते हे बाबांना विचारले तर चालेल का.