समोर बसलेला माणूस : सारा लेबेदेवा आणि सोव्हिएत व्यक्तिशिल्प

समाजवादी वास्तववादाचे शिल्प म्हटले की १९३७च्या पॅरिस प्रदर्शनातले व्हेरा मुखिनाचे हातोडा-विळा उंचावलेले पोलादी कामगार आणि शेतकरी स्त्री आठवतात, आणि त्यांच्यावरूनच साऱ्या कलेचा निकाल लावला जातो. हा निकाल घाईचा आहे. या धोरणाची खरी परीक्षा व्यक्तिशिल्पात होते. १९३४ साली लेखकांच्या अधिवेशनात जाहीर झालेल्या या धोरणाला प्रातिनिधिक माणूस हवा होता. व्यक्तिशिल्पकाराला मात्र एकाच माणसाचा चेहरा घडवायचा असतो. हा पेच बहुतेकांनी हुकमाच्या बाजूने सोडवला. १९३९च्या आदेशानुसार दोनदा ‘सोव्हिएत संघाचा वीर’ ठरलेल्याचा ब्राँझचा अर्धपुतळा त्याच्या जन्मगावी उभारायचा होता. युद्धानंतर अशा पुतळ्यांची रीघ लागली. त्यांतल्या बहुतेकांची पदके अचूक आहेत आणि चेहरे एकमेकांचे भाऊ शोभावेत असे.

शिल्पकार सारा लेबेदेवाने वेगळी वाट धरली. माणूस समोर बसवून, त्याला काम करू देऊन ती मातीत घडवत असे. १९२५चे झेर्झिन्स्कीचे ब्राँझ पाहावे: अरुंद चेहरा, टोकदार दाढी, जागरणाने सुजल्यासारख्या जड पापण्या. गुप्त पोलिसांच्या प्रमुखाला असे माणसासारखे दाखवणे म्हणजे त्याचे पाप धुणे नव्हे का, हा आक्षेप गंभीर आहे. पण या चेहऱ्यात माफी मागणारे काहीच नाही. दडपशाही राक्षस करत नाहीत, थकलेली, निष्ठावान माणसे करतात, हे इथे जितके स्पष्ट दिसते तितके कुठल्याही निषेधचित्रात दिसत नाही.

हे शिल्प धोरणाच्या आधीचे, असे कुणी म्हणेल. ते खरेच आहे. म्हणून नंतरचे पुरावेच निर्णायक. १९४३-४४मध्ये लेबेदेवाने व्लादिमिर तात्लिनचे शिल्प केले. तिसऱ्या इंटरनॅशनलच्या मनोऱ्याचा हा कल्पक तोवर रूपवादी म्हणून बाजूला पडला होता. त्याला पदके नव्हती, आदेश नव्हता. लेखक संघाने १९५८ साली काढून टाकलेल्या कवी पास्तरनाकच्या पेरेदेल्किनोतल्या थडग्यावरचे उथळ उठावातले पार्श्वमुखही तिचेच. मुखिनाचे उदाहरण अधिक अवघड, कारण तिला पाच स्टालिन पारितोषिके मिळाली. तरी १९४५चे तिचे जहाजशास्त्रज्ञ क्रिलोव्ह लाकडात आहेत. सरकारी भव्यतेला ब्राँझ आणि ग्रॅनाइट सोयीचे. लाकडाने त्या वृद्धाला त्याचे वय परत दिले.

दोघींचे अपवाद म्हणून कौतुक करणे पुरेसे नाही. राजवट त्यांना मोकळीक देत होती असेही नाही. समोरच्या माणसाकडे पाहण्याची सवय त्यांनी मोडू दिली नाही, एवढाच फरक. निकोलाय तोम्स्कीचा बर्लिनमधला एकोणीस मीटर उंचीचा लेनिन १९९१ साली तुकडे करून उतरवण्यात आला आणि त्याचे डोके आज स्पांडाऊच्या किल्ल्यात इतिहासाची वस्तू म्हणून मांडले आहे. तात्लिन आणि क्रिलोव्ह यांना मात्र विसाव्या शतकातल्या उत्तम व्यक्तिशिल्पांच्या रांगेत, राजवटीची कोणतीही सवलत न देता, जागा मिळायला हवी.