बेरजेचा एक नमुना

पिंपरी-चिंचवडच्या कुशीला लागून असलेल्या हिंजवडीत ज्या कंपनीचे मुख्यालय, त्या केपीआयटी कमिन्सने नॅशनल सेमीकंडक्टरच्या ‘सीआर१६’ या छोट्याशा प्रोसेसरचे वर्णन जीसीसी या मुक्त कंपायलरला अर्पण केले. फाइलींच्या माथ्यावर २०१२ हे साल आणि कंपनीचे नाव आहे. रसिकाने वाचावे असे या रुक्ष दिसणाऱ्या मजकुरात काय असणार, असे वाटेल खरे. पण आपण सगळी फाइल न उलगडता तिच्यातल्या बेरजेच्या एकाच नमुन्यापाशी थोडे रेंगाळू या.

या नमुन्याच्या सोळा-बिटी रूपाचे नाव ‘अ‍ॅडएचआय३’. ‘अ‍ॅड’ म्हणजे बेरीज, ‘एचआय’ म्हणजे सोळा बिटांचा पूर्णांक, आणि शेवटचा तीन सांगतो की येथे दोन पदे आणि एक उत्तर नांदतात. गंमत अशी की जीसीसीच्या मापात सोळा बिट म्हणजे ‘अर्धा’ पूर्णांक, कारण १९८७ साली रिचर्ड स्टॉलमनने हा कंपायलर प्रथम प्रसिद्ध केला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे व्हॅक्स आणि सन यांची बत्तीस-बिटी यंत्रे होती; सीआर१६ वर मात्र हा अर्धाच ‘इंट’ म्हणून पूर्णत्वाने मिरवतो! नाव ठरलेले, अर्थ ठरलेला. सी असो, फोर्ट्रान असो वा एडा, त्या त्या भाषेतले बेरजेचे चिन्ह आपला पेहराव उतरवून, ‘गिंपल’ नावाच्या समान मध्यरूपातून वाहत येऊन, अखेर अशाच एखाद्या नावाला हाक मारते.

आता नमुन्याच्या आत डोकवावे. प्रत्येक पदापाशी एक कसोटी आहे: येणारी वस्तू रजिस्टर आहे का, येथे ती चालेल का. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये पिन कोणत्या लेथवर घडली याची चौकशी न करता गेज तिला फक्त ‘बसते’ किंवा ‘बसत नाही’ एवढेच म्हणते, तशीच ही कसोटी निर्विकार. तिच्याशेजारी एक टक्क्याचे चिन्ह आणि एक शून्य. शून्य म्हणते, पहिले पद उत्तराच्याच रजिस्टरात बसवा, कारण या यंत्राची बेरीज दोन जागांतच उरकते, उत्तर एका पदावरच लिहिले जाते. टक्का म्हणतो, पदांची अदलाबदल केली तरी चालेल. बेरजेचा क्रमनिरपेक्ष स्वभाव, जो आपण शाळेत पाठ केला, तो येथे एका चिन्हात मावला आहे, आणि रजिस्टर वाटणाऱ्या भागाला त्यामुळे केवढी मोकळीक मिळते!

मला या रचनेत सर्वांत मोहक वाटते ती तिची अनभिज्ञता. या नमुन्याला फोर्ट्रान ठाऊक नाही, आणि फोर्ट्रान वाचणाऱ्या भागाला सीआर१६ ठाऊक नाही. पाच भाषा आणि दहा यंत्रे असतील तर पन्नास स्वतंत्र कंपायलर लिहावे लागतील, त्याऐवजी पाच आणि दहा मिळून पंधराच भागांत काम भागवावे, हे स्वप्न १९५८ च्या ‘अनकोल’ या संकल्पनेइतके जुने. तेथे सर्व भाषांसाठी एकच सार्वत्रिक मध्यभाषा हवी होती; ती प्रत्यक्षात कधी पुरती उतरली नाही. जीसीसीने मध्यरूपांची एक उतरंडच मांडली आणि तळाशी यंत्राचे बोलणे यंत्रवर्णनावर सोपवले. शिवाय हे वर्णन वाचले जाते ते कंपायलर घडत असताना: छोटे छोटे प्रोग्राम ते वाचून त्यातून कंपायलरचाच काही भाग लिहून काढतात. वर्णनातून वर्णनकर्ता जन्मावा, हा खेळ मला वारंवार पाहावासा वाटतो. पवईच्या आयआयटीत उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसीच्या याच अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या, हे म्हणूनच स्वाभाविक वाटते.

चाकणच्या पट्ट्यात बनणाऱ्या मोटारीत इंजिनापासून ब्रेकपर्यंत निरनिराळे नियंत्रक असतात, आणि त्यांचे प्रोसेसर एकाच कुळातले असतीलच असे नाही. तेथे ‘पाच आणि दहा’चे हे गणित कागदावरचे राहत नाही.

सीआर१६ चा आधार जीसीसीच्या तेराव्या आवृत्तीत, २०२३ साली, काढून टाकण्यात आला. एक यंत्र निघून गेले आणि सी वा फोर्ट्रान वाचणाऱ्या भागांना त्याचा पत्ताही लागला नाही. जुन्या आवृत्त्यांत ती फाइल अजून आहे. बेरीज वाचून झाली की तिथल्या गुणाकाराकडे जरूर वळावे.